अंधाऱ्या कोपऱ्यातले झेडझेड : आधी उजेड मोजा, मग पाणी द्या

आमच्या ठाण्याच्या घरातले झेडझेड या शोभेच्या झाडाचे पहिले रोप मेले, तेव्हा ते अंधाराने मेले यावर घरातल्या सर्वांचे एकमत झाले. दिवाणखान्याच्या खिडकीसमोर जेमतेम वीस फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत आहे आणि कुंडी त्या खिडकीपासूनही लांब, चपलांच्या कपाटाशेजारी होती. त्यामुळे निदान पटण्यासारखे होते. कुंडी रिकामी करताना मात्र वेगळेच दिसले. आत बटाट्याएवढे चार कंद होते. त्यांतले तीन बोटाने दाबताच साल सुटून पांढुरका, बुळबुळीत लगदा बाहेर आला आणि कांद्याबटाट्याच्या टोपलीत तळाचा एखादा बटाटा सडला की स्वयंपाकघरात जो वास फिरतो, नेमका तोच वास हाताला लागला. शेवटचे पाणी घालून बारा दिवस उलटले होते, तरी कुंडीतले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मुठीत पिळल्यावर त्यातून पाणी गळत होते.

अंधारात ठेवलेल्या त्या झाडाला आम्ही उजेडातल्या झाडाइतकेच पाणी घालत होतो, आणि तेवढ्याने ते सडले. कमी उजेडात पानांचे काम मंदावते, मुळे पाणी कमी ओढतात आणि कुंडीतली ओल आठवडेच्या आठवडे तशीच राहते. म्हणून झेडझेडला पाणी कधी द्यायचे हे उजेडावरून ठरवावे लागते. माती, कुंडी, जागा आणि खत यांबद्दल पुढे जे लिहिले आहे, त्यातले बहुतेक सगळे या एका गोष्टीला धरून आहे.

हे झाड कोणाचे कोण

झेडझेडचे शास्त्रीय नाव झामिओकल्कस झामिफोलिया. ते मूळचे पूर्व आफ्रिकेतले. केनियापासून दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतापर्यंत, जिथे पाऊस काही महिने पडतो आणि मग बराच काळ पडत नाही, अशा प्रदेशांत झुडपांच्या सावलीत ते वाढते. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १८२९ मध्येच केले होते, पण घराघरांत ते पोहोचले १९९६ च्या सुमारास हॉलंडमधल्या रोपवाटिकांनी मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू केल्यानंतर. नावाचा पहिला अर्धा भाग झामिया या सायकसच्या नातलगावरून आलेला आहे, कारण दोघांची पाने दिसायला सारखी आहेत. दुसरा अर्धा भाग अरबी ‘कुल्कास’ या शब्दावरून आला आहे, आणि कुल्कास म्हणजे आपले अळू. अळू, सुरण, मनीप्लांट आणि झेडझेड ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत.

हे नाते कळले की झाडाच्या दोन सवयी सहज लक्षात राहतात. पहिली सवय साठवणुकीची. सुरणासारखा मातीखालचा कंद हेच या झाडाचे खरे खोड आहे. आपण ज्याला फांदी म्हणतो ती फांदी नसून एकच मोठे संयुक्त पान आहे, आणि तिच्यावरची चकचकीत पाने ही त्या पानाची दले आहेत. त्यामुळे तुळशीसारखा शेंडा खुडला तर त्याला बाजूने फुटवे येत नाहीत. कापलेली दांडी कापलेलीच राहते आणि नवी दांडी थेट कंदातूनच वर येते. दांडीचा तळ फुगीर असतो, त्यात आणि दलांतही पाणी भरलेले असते. शिवाय पाण्याची टंचाई झाली की हे झाड निवडुंगाच्या धर्तीवर पानांची छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडू शकते, म्हणजे बाष्प कमी उडते. एवढी तयारी असलेल्या झाडाला तहानेने मारणे अवघड आहे. दुसरी सवय खाजेची. अळूत चिंच किंवा आमसूल घालायला लावणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्याही रसात असतात. दांडी कापताना हातमोजे घालावेत किंवा हात लगेच साबणाने धुवावेत आणि रांगते मूल किंवा पाने चघळणारे मांजर घरात असेल, तर कुंडी उंचावर ठेवावी. नुसते जवळ ठेवल्याने या झाडापासून आजार होतो, अशा सांगोवांगीच्या गोष्टींना मात्र आधार नाही.

जागा ठरवण्याआधी उजेड मोजा

माणसाचा डोळा उजेडाच्या बाबतीत फार फसवतो. दुपारी बाल्कनीतून आत आल्यावर दोन मिनिटांत डोळे सरावतात आणि खोली ‘चांगली उजेडाची’ वाटू लागते. प्रत्यक्षात तिथला उजेड बाल्कनीच्या शंभराव्या हिश्शाइतकाही नसतो. मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेडाचे एकक, मोजणारी मोफत अॅप्स मिळतात. ती अगदी अचूक नसली तरी आपल्या कामाला पुरतात. सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजता, घरातले दिवे बंद ठेवून, कुंडी जिथे ठेवायची तिथे पानांच्या उंचीवर मोबाइल आडवा धरून आकडे लिहून घ्यावेत. भर उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो आणि खिडकीपासून हातभर अंतरावर तो सहसा एक-दोन हजार असतो. खोलीच्या मागच्या भिंतीशी मात्र तो दीडदोनशेवर उतरलेला आढळतो.

झेडझेडसाठी माझा ठोकताळा असा आहे. दिवसातले बहुतेक तास हजाराच्या वर लक्स मिळत असतील, तर झाड वर्षाकाठी चार-पाच नव्या दांड्या काढते. तीनशे ते हजारांच्या दरम्यान ते तग धरते आणि एखादी-दुसरी दांडी काढते, पण ती उंच, विरळ आणि उजेडाकडे झुकलेली असते. दोनशेच्या खाली झाड वाढत नसते. कंदातली शिल्लक खात असते, आणि ती शिल्लक मोठी असल्यामुळे आपल्याला वर्षभर काही कळत नाही. ‘हे झाड अंधारात येते’ या समजुतीचे मूळ बहुधा इथेच आहे. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात किंवा जिन्याखाली ठेवलेले झाड सहा महिने हिरवेगार दिसते, याचा अर्थ ते तिथे सुखात आहे असा होत नाही.

उत्तरेची खिडकी या झाडाला उत्तम. मुंबई-पुण्याकडे मे महिन्याच्या मध्याला सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैअखेर परततो. त्या काळात उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन येते, ते चालते. पश्चिमेच्या खिडकीतले एप्रिलमधले दुपारचे ऊन मात्र थेट पानांवर पडू देऊ नये. ते पानांवर फिकट, कागदासारखे डाग पाडते आणि ते डाग पुन्हा हिरवे होत नाहीत.

ज्यांच्या घरात मोजमाप दोनशेच्या पुढे जातच नाही त्यांच्यासाठी मला सर्वांत व्यवहार्य वाटलेला उपाय म्हणजे दोन कुंड्यांची पाळी. सारख्या मापाच्या दोन कुंड्या घ्याव्यात. एक अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसरी खिडकीशी, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जागांची अदलाबदल करावी. खिडकीतल्या महिन्यात झाड कमावते आणि कोपऱ्यातल्या महिन्यात ते खर्च करते. दुसरा उपाय म्हणजे पांढऱ्या उजेडाचा साधा एलईडी दिवा पानांपासून फूट-दीड फुटावर लावून रोज दहा-बारा तास चालू ठेवणे. छतावरच्या ट्यूबलाइटचा तेवढा उपयोग होत नाही, कारण अंतर दुप्पट झाले की दिव्याखालचा उजेड साधारण चौथाईवर येतो.

नर्सरीतले रोप हिरव्या शेडनेटखाली, म्हणजे आपल्या घराच्या मानाने भरपूर उजेडात वाढलेले असते. त्याला घरी आणल्याबरोबर थेट कोपऱ्यात ठेवू नये. पहिले दहा-बारा दिवस खिडकीशी, पुढचे दहा दिवस खोलीच्या मध्यात आणि मग ठरलेल्या जागी, अशा टप्प्यांनी न्यावे. रोप निवडताना पानांच्या चकाकीवर जाऊ नये. दांड्यांचा तळ बोटांनी दाबून पाहावा. तो टणक असला पाहिजे. मातीतून भाल्याच्या टोकासारखा एखादा कोंब वर येत असेल, तर ते रोप घ्यावे.

कुंडी आणि माती

बहुतेक रोपे निव्वळ कोकोपीटमध्ये भरलेली मिळतात. नर्सरीत रोज ऊन-वारा असतो, तिथे ते ठीक आहे; घरातल्या कमी उजेडात तेच कोकोपीट स्पंजसारखे पाणी धरून बसते. म्हणून रोप स्थिरावल्यावर, शक्यतो फेब्रुवारी ते जून या दरम्यान, त्याची कुंडी बदलावी. मुळांभोवतालचे कोकोपीट हाताने हलकेच झाडून काढावे. मुळे जाड असतात, थोडीफार तुटली तरी बिघडत नाही.

मिश्रण असे करावे : एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि दोन भाग जाडभरडे काहीतरी. या शेवटच्या दोन भागांसाठी परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) विकत घेता येते, पण मला विटांचे चण्याएवढे तुकडे जास्त आवडतात. वीट फोडून चाळणीने तिची भुकटी काढून टाकायची आणि तुकडे रात्रभर पाण्यात भिजवून धुऊन घ्यायचे, की काम झाले. त्यांच्या वजनामुळे उंच झाडाची कुंडी कलंडतही नाही. जाड वाळू चालते, मात्र समुद्राची नको. विदर्भ-मराठवाड्यात सहज मिळणारी काळी माती या झाडासाठी वापरू नये. ती ओली झाली की फुगते, चिकटते आणि कंदाला हवा मिळू देत नाही.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर घालण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे आणि तिने निचरा सुधारतो असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात वरची माती पूर्ण तृप्त झाल्याशिवाय पाणी खालच्या खड्यांत उतरत नाही, त्यामुळे ओल तळाशी राहण्याऐवजी खड्यांच्या वर, म्हणजे कंदांच्या अधिक जवळ साचते. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरेसा आहे. आणि भोक हवेच. सिरॅमिकच्या देखण्या, बिनभोकाच्या कुंडीचा मोह आवरत नसेल, तर झाड साध्या प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती आत उतरवावी आणि पाणी देताना बाहेर काढावी. कोपऱ्यातल्या झाडासाठी भाजक्या मातीची कुंडी सर्वांत चांगली, कारण तिच्या अंगातूनही ओल उडते.

कंदांच्या गड्ड्यापेक्षा कुंडी चोहोबाजूंनी इंचभरच मोठी असावी. झेडझेडला दाटी आवडते. दोन-तीन वर्षांनी कंद दाटून प्लास्टिकची कुंडी फुगीर दिसू लागते किंवा तडकते, तेव्हाच पुढच्या मापाकडे वळावे. अशी कुंडी ओढून झाड काढण्याच्या फंदात न पडता सरळ कात्रीने कापून टाकावी.

पाणी

‘आठवड्यातून एकदा’ हा सल्ला विसरून जावा. माझ्याकडच्या दोन जुळ्या आठ इंची कुंड्यांची नोंद सांगतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भरपूर पाणी दिलेली कुंडी तीन किलो शंभर ग्रॅम भरली आणि तळापर्यंत सुकलेली दोन किलो दोनशे. मे महिन्यात खिडकीतल्या कुंडीला हे अंतर कापायला सोळा दिवस लागले, चपलांच्या कपाटाशेजारच्या कुंडीला पस्तीस. जुलैमध्ये त्याच कपाटाशेजारी पन्नास दिवस होऊनही कुंडी सुकली नव्हती. झाड एकच, माती एकच आणि घरही एकच असून पाण्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर मात्र तिपटीने बदलले.

म्हणून पहिले तीन महिने तरी कुंडीचे वजन करावे. ओल्या आणि कोरड्या कुंडीचे वजन कुंडीवरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवावे. पुढे हाताने उचलूनच अंदाज येऊ लागतो. वजन करणे शक्य नसेल तर बांबूची बारीक काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढावी. तिच्या टोकाला दमटपणा किंवा मातीचे कण लागले, तर पाणी देऊ नये. वरची माती बोटाने चाचपून निर्णय घेणे सर्वांत फसवे, कारण कमी उजेडात वरची दोन बोटे माती कोरडी आणि खालची सहा बोटे ओली, अशी स्थिती पंधरा-पंधरा दिवस टिकते.

द्यायचे तेव्हा मात्र पोटभर द्यावे. कुंडी न्हाणीघरात न्यावी, तळाच्या भोकांतून पाणी वाहीपर्यंत सावकाश ओतावे आणि अर्धा तास निथळू द्यावे. रोज अर्धी वाटी पाणी घालण्याच्या सवयीने ओल कधी संपतही नाही आणि सगळीकडे पोहोचतही नाही. कोकोपीट फारच सुकले असेल तर पाणी कडेने सुळकन निघून जाते आणि गड्डा आत कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी वीस मिनिटे बादलीभर पाण्यात बसवावी. ताटलीत उतरलेले पाणी त्याच दिवशी ओतून टाकावे. त्याने कंद कुजतातच, शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरी येऊन आधी कुंड्यांखालच्या ताटल्या पाहतात, ते उगीच नव्हे.

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर कोपऱ्यातल्या झाडाला एकदा, फार तर दोनदा पाणी पुरते. नागपूरकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असली तरी खोलीत कूलर चालू असतो, त्यामुळे तिथेही पंचांग न पाहता काडीच पाहावी. फक्त कूलरचा किंवा एसीचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नये. टोरांटो किंवा लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी डिसेंबर-जानेवारीत दोन महिन्यांतून एकदा पाणी हा योग्य आरंभबिंदू आहे. कुंडी थंडगार काचेला टेकवून ठेवू नये, कारण पारा दहाच्या खाली गेला की हे झाड दुखावते. गौरी-गणपतीला दहा-पंधरा दिवस गावी जाताना कुंडीत पाण्याची बाटली उलटी खोचून जाणारे लोक मी पाहिले आहेत. या झाडासाठी तसे काहीही करू नये.

खत आणि निगा

खताबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फेब्रुवारीअखेर आणि जूनच्या सुरुवातीला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, आधी थोडी ओल असलेल्या मातीत द्यावे; दोनशे-तीनशे लक्समधल्या झाडाला वर्षातून एकदाच पुरे. चहाचा चोथा, तांदळाचे धुवण, ताक यांतले काहीही घरातल्या कुंडीत ओतू नये. उघड्या बागेत ते जिरते. बंद खोलीत त्यावर बुरशी धरते आणि आठवड्याभरात चिलटे घोंगावू लागतात.

पाने मात्र महिन्यातून एकदा ओल्या, मऊ फडक्याने पुसावीत. रस्त्याकाठच्या घरांत धुळीचा थर इतका चढतो की आधीच अपुरा असलेला उजेड पानापर्यंत पोहोचत नाही. खोबरेल तेल किंवा दूध लावून पाने चमकवू नयेत; तेलावर धूळ चिकटते आणि दुधाला मुंग्या येतात. पुसतानाच कुंडी पाव फेरा फिरवून ठेवावी, म्हणजे झाड एका अंगाने कलत नाही. ‘हवा शुद्ध करणारे झाड’ म्हणून ज्यांनी झेडझेड आणले आहे त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, नासाने १९८९ मध्ये केलेल्या ज्या प्रयोगाचा हवाला नेहमी दिला जातो, तो लहान, हवाबंद पेट्यांत झाला होता. दारे-खिडक्या असलेल्या घरात एक-दोन कुंड्यांनी हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. झाड दिसायला सुंदर आहे, आणि मला तेवढे कारण पुरते.

बिघडले तर

सर्वांत बाहेरची, जुनी दांडी एकटीच सावकाश पिवळी पडत असेल, तर ते वय आहे. ती पूर्ण वाळल्यावर तळाशी कापावी. एकाच वेळी दोन-तीन दांड्या पिवळ्या पडल्या आणि त्यांचे तळ मऊ लागले, तर त्याच दिवशी कुंडी रिकामी करावी. उद्यावर ढकलू नये, कारण कूज एका कंदातून दुसऱ्यात जाते. उलट दांडीला उभ्या सुरकुत्या पडल्या असतील, खालची दले गळत असतील आणि कुंडी हलकी लागत असेल, तर ती तहान आहे. पाणी दिल्यावर आठवडाभरात फरक दिसतो, आणि सगळी दले गळाली तरी कंद टणक असेल तर झाड जिवंत आहे.

कुजलेले झाड वाचवायचे असेल तर कंद धुऊन घ्यावेत आणि स्पिरिटने पुसलेल्या सुरीने मऊ भाग कापत जावे, तो आत स्वच्छ, पांढरा, कोरडा भाग लागेपर्यंत. अर्धवट तपकिरी दिसणारा भाग ठेवण्याचा मोह टाळावा. मग दोन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर वाळू द्यावे. जखमेवर हळद किंवा बुरशीनाशक पूड लावतात, तीही चालेल, पण खरे काम वाळवणेच करते. नंतर लहान कुंडीत, जवळजवळ कोरड्या मिश्रणात लावून पहिले पाणी आठवड्याने द्यावे.

किडी क्वचितच येतात. दांडीच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ते पुसून काढावेत आणि पुढचे तीन आठवडे दर आठवड्याला लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल व दोन थेंब भांड्यांचा द्रव साबण मिसळून फवारावे.

नवी रोपे

कुंडी बदलताना कंद हाताने विलग करून दोन-तीन रोपे करणे हा जलद मार्ग. दुसरा मार्ग पानांच्या दलांपासून रोपे करण्याचा; तो फुकटचा, पण संयमाचा आहे. जूनच्या सुरुवातीला निरोगी दले तळापासून खुडून दिवसभर सुकू द्यावीत, मग वाळू आणि कोकोपीटच्या जेमतेम दमट मिश्रणात त्यांचा तिसरा हिस्सा खोचावा. कुंडी या वेळी कोपऱ्यात न ठेवता खिडकीच्या उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवावी. दोन-तीन महिन्यांत दलाच्या मातीतल्या टोकाशी वाटाण्याएवढा कंद धरतो. वर मात्र काहीच दिसत नाही, आणि इथेच लोक कंटाळून कुंडी ओततात. पहिला कोंब यायला सहा महिने ते वर्ष लागू शकते.

आमच्या त्या पहिल्या झाडाचा चौथा कंद टणक होता. त्याला दोन दिवस वाळवून चार इंची कुंडीत, विटांच्या तुकड्यांत लावले आणि खिडकीत ठेवले. सात महिने कुंडी रिकामीच दिसत होती. घरी येणारे पाहुणे तीत चुकून कागदाचे कपटे टाकत. मार्चमध्ये कडेने हिरवे टोक वर आले. आज त्याच्या नऊ दांड्या आहेत, आणि या महिन्यात चपलांच्या कपाटाशेजारी राहण्याची पाळी त्याची आहे.